उजवा पाय, अंगठा

१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मी बरी आहे. तू बरी नाहीस, हे आईकडून कळलं. मळमळतं म्हणे, आणि ताट समोर आलं की उठून जातेस. म्हणून ख्यालीखुशाली नंतर, आधी कामाचं. नखांसाठी दिलेल्या त्या गोळ्या हे वाचल्यापासून घेऊ नकोस. डॉक्टरांकडे जा, यकृतासाठी रक्त तपासून घे, आणि शाळेत असताना तुला कावीळ झाली होती हे त्यांना सांग. हे तू सांगितलेलं नसणार. समोरच्याने विचारलं नाही तर आपण सांगायचं नाही, ही आपल्या घरची रीतच आहे.

कारण पुढे लिहिते. ते सरळ लिहिता येत नाहीये, थोडा वळसा पडेल. पण गोळ्या थांबवायला वळसा संपायची वाट बघू नकोस.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. पार्लरच्या फोनवर केला, तर तुझ्या मालकीणबाई म्हणाल्या, "ती म्हणते, तिला बहीण वगैरे कोणी नाही." मागून तुझाच आवाज येत होता, "सांगा, मेली म्हणावं." म्हणून हे पत्र, आणि तेही पार्लरच्या पत्त्यावर. घरी आलं असतं तर आईने आधी फोडलं असतं. आणि या वेळी तिने ते तुला दिलंच नसतं.

इकडे लॅबमध्ये नवीन म्हणजे मॅडमनी मला बुरशीच्या टेबलावर कायमचं बसवलं. रक्ताचं टेबल बरं होतं. रक्ताला निदान काही अब्रू असते. माझ्याकडे येतं ते खरवडलेलं. जांघेतलं, बोटांच्या बेचक्यांतलं, मुलांच्या डोक्यावरचं. परवा एक ट्रकड्रायव्हर आला. त्याने बूट काढला आणि वरच्या पंख्याने त्याचा वास सगळ्यांना सारखा वाटून दिला. नखाखाली पिवळा भुगा होता, ओल्या खडूसारखा. मी ब्लेडने तो काचेवर काढत होते आणि तो डोळे मिटून म्हणत होता, "जरा जोरात, मॅडम. बरं वाटतं." मी तोंडाने श्वास घेत होते. मग वाटलं, आता तो वास जिभेवर बसत असणार. म्हणून श्वासच बंद केला.

एक बाई काड्यापेटीतून नवऱ्याची नखं घेऊन येतात. नवरा स्वतः येत नाही, त्याला लाज वाटते. काड्यापेटी स्वयंपाकघरातली असते, आणि रिकामी करून झाली की त्या ती परत मागून नेतात.

हे तुला मुद्दाम लिहितेय. तुला वाटतं, मी पांढरा कोट घालून सगळ्यांकडे नाक मुरडत बसते. नाक मुरडतेच. पण दिवसभर बसते तीही त्यातच.

नखाची तपासणी कशी करतात हे तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, आणि विचारलंस तेव्हा भलतंच विचारलंस. नखाचे बारीक तुकडे पोटॅशच्या द्रावणात भिजत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते जास्त शिजलेल्या भातासारखे होतात. काचेवर दाबले की नखाच्या पेशी पारदर्शक होतात, आणि बुरशी असेल तर त्यांच्यामधून तंतू गेलेले दिसतात. पेरं असलेले, फांद्या फुटलेले. माणसाला आपलं नख आपलं वाटत असतं, आणि आत कुणीतरी आधीच रस्ते आखून ठेवलेले असतात.

आता त्या रविवारचं.

तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही हात पसरून बसली होतीस. अंगठ्यांचा मरून रंग काढलेला, खाली दोन्ही नखं पिवळट, टोकाकडून सुटलेली. नाक टोचेल असा रिमूव्हरचा वास. तू अगदी सहज म्हणालीस, "चिमटे, तुझी थोडी नखं दे ना. हॉटेलच्या स्पामध्ये घेताहेत मला. फक्त नखांचा रिपोर्ट मागितलाय. तुझ्याच लॅबमध्ये देते, तुझीच नखं, तूच तपास. कुणाचं काय जातंय?"

मी म्हणाले, "तू रोज वीस बायकांच्या पायांना हात लावतेस."

"हो, आणि तू वीस बायकांच्या पायांची भुकटी करतेस. नखंच मागतेय गं, किडनी नाही."

हसण्यावारी नेता आलं असतं. तू नेतच होतीस. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. तू ओतलेलं पाणीसुद्धा मला प्यावंसं वाटत नाही, असं मी म्हणाले. आणि समोरचा ग्लास दोन बोटांनी बाजूला सरकवला. चिमटीने. लहानपणी तूच हे नाव ठेवलं होतंस, कारण मी भातातले खडे, केस, सगळं चिमटीने उचलून ताटाबाहेर ठेवायची. त्या दिवशी तुला ताटाबाहेर ठेवलं.

तू उठलीस आणि म्हणालीस, "ठीक. माझीच देते. बघू काय निघतं." तिथल्या तिथे स्वतःची नखं कापून पुडी केलीस आणि कलेक्शन सेंटरवर द्यायला आईच्या हातात ठेवलीस.

पुडी माझ्याच टेबलावर आली. वर तुझं नाव होतं आणि लिहिलं होतं, हाताचे अंगठे. मी तपासली. तंतू होते, भरपूर. मी रिपोर्ट लिहिला, मॅडमनी सही केली, आणि संध्याकाळी तुझा मेसेज आला, 'सूड उगवलास. अभिनंदन.' मग नंबर ब्लॉक.

सूड मी उगवला नव्हता. तंतू खरेच होते. पण मेसेज वाचून मी परत आत गेले आणि पुडीत उरलेले तुकडे भिंगाखाली धरले. म्हटलं, नीट बघू, म्हणजे तुला ठणकावून सांगता येईल. तेव्हा दिसलं की तुकडे जाड आहेत आणि सरळ कापलेले आहेत. हाताचं नख इतकं जाड क्वचितच असतं. तू तर नखं गोल कापतेस, कानशीने घासतेस. कुठे रंगाचा ठिपका नाही. आणि एका तुकड्याच्या कडेला काळसर डाग, करवतीच्या दातासारखा.

गेल्या वर्षी माझ्या पायावर लोखंडी स्टँड पडला होता, आठवतं? नखाखाली रक्त साकळलं होतं. तो डाग नखाबरोबर सरकत सरकत टोकाला आला होता. त्या रविवारी तू टेबलाशी बसायच्या आधी मी बाल्कनीत पेपर पसरून पायाची नखं कापली, पेपर घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मी स्टोअररूममध्ये जाऊन मोजा काढला. तुला सांगते ताई, मी एवढे पाय बघते, पण स्वतःच्या पायाकडे असं बघितलं नव्हतं. नख पिवळं, कोपऱ्यातून वर उचललेलं, आत तोच भुगा. मार लागल्यामुळे जाड झालंय, असं मी स्वतःला सांगत होते. पेशंटने असं म्हटलं की मी मनात हसते. थोडं कापलं, भिजत घातलं, दुसऱ्या दिवशी बघितलं. तेच तंतू. ड्रायव्हरचे आणि माझे शेजारी ठेवले असते तर मला ओळखता आले नसते.

मग आईला फोन केला.

"आई, पुडीत कुणाची नखं दिलीस?"

"कुणाची म्हणजे? नखं ती नखं."

"आई."

"अगं, तू म्हणजे इस्त्रीचे मोजे घालणारी! तुझी नखं धुतल्या तांदळासारखी असणार, असं वाटलं मला. तिची नोकरी जात होती. तू देईनास. डब्यातच तर पडली होती. चहाचा चोथा झटकला, पुसली, आणि दिली. मला काय माहीत तुझ्यातच घाण असेल!"

ती तुला सांगायला तयार नाही. मी म्हटलं, तिच्या गोळ्या तरी बंद कर. तर म्हणाली, "काय कारण सांगू? मला घराबाहेर काढेल ती. आणि औषधच आहे ना, विष नाही." त्या रिपोर्टवरून डॉक्टरांनी तुला गोळ्या दिल्यात आणि तुला मळमळतं, हेही तिनेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "लागू पडतंय म्हणून होत असेल." दोन दिवसांत नाही सांगितलंस तर मी सांगेन, असं बजावून फोन ठेवला. दोन दिवस झाले. तिच्यावर ओरड, पण फार नको. चहाच्या चोथ्यातून ती तुझ्यासाठी नखं वेचत होती. मला तर तुझ्या ग्लासातलं पाणी चाललं नाही.

मॅडमना सगळं सांगितलंय. तुझ्या नावाचा रिपोर्ट त्यांनी रद्द केला. मला जे बोलायचं ते बोलल्या, ते इथे लिहीत नाही. हॉटेलला त्या स्वतः कळवणार आहेत की नमुना चुकीचा होता आणि नवीन रिपोर्ट येतोय. हॉटेल थांबेल की नाही, माहीत नाही. थांबावं असं फार वाटतं.

म्हणजे तुझी नखं अजून कुणी तपासलेलीच नाहीत. दुसऱ्याच्या नखावरून तू गोळ्या खातेयस. निदान करणं माझं काम नाही, पण मी त्या टेबलावर तुझे अंगठे बघितले होते, किळस करत का होईना, बघितले होते. त्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. तुझ्या कोपरावर जो कोरडा चट्टा आहे, आई ज्याला थंडी म्हणते, तो उन्हाळ्यातही असतो. हे दोन्ही त्वचेच्या डॉक्टरांना एकत्र दाखव. सोरायसिस असू शकतो. तो असेल तर तो हात लावून कुणाला होत नाही. ना पार्लरमधल्या बायकांना, ना पाणी पिणाऱ्यांना. नसेल तर नसेल, बुरशी निघाली तर तीही बरी होते. पण आधी बघू तरी.

बाथरूममधलं दोरीला टांगलेलं नेलकटर फेकून दे. आपण तिघी तेच वापरतो. मी घरी आले की मीही.

आता उरलं ते. तुझ्या नावाची पुडी उघडली तेव्हा ते पायाचं नख आहे हे मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. शिकाऊ मुलीलाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण तंतू दिसले आणि मला बरं वाटलं. माझी बहीण घाण निघाली आणि मी बरोबर निघाले, म्हणून बरं वाटलं. त्या आनंदात मी जाडी बघितली नाही. त्या ड्रायव्हरच्या पायाचा वास हात धुतल्यावर गेला. हे जात नाही.

तू लॅबमध्ये ये. नखांना रंग नको, मलम नको, आणि घरी कापू नकोस. मी कापीन. हातमोजे घालीन, तो नियम आहे, त्याचा राग धरू नकोस. तुझा नमुना मॅडम तपासतील, मी नाही. बाहेरच्या टेबलावर पाण्याचा जग असतो. ग्लास तू भर, मी पिते.

आणि मग मी मोजा काढीन. बघवलं नाही तर तोंड फिरव. काही बोलावंसं वाटलं तर बोल, मनात ठेवू नकोस.

तुझीच,
चिमटी
उजवा पाय, अंगठा: पॉझिटिव्ह