जपानीच्या नावाखाली भातशेती

धाड, १४ ऑगस्ट, संध्याकाळ

पुण्यात जपानी भाषेची परीक्षा होते. मी बसणार आहे. पण पुस्तक कुठून आणायचं? आज शाळेला सुट्टी होती, म्हणून एस.टी.ने बुलढाण्याच्या वाचनालयात गेले. तिथल्या काकांनी खूप शोधून एकच पुस्तक काढलं, 'जपानी पद्धतीची भातशेती'.

"जपानीचं एवढंच हाय, बाई."

आमच्या ज्वारीच्या मुलखात भातशेती! आधी हसू आलं, मग रडू. राग तरी कोणावर काढायचा? तरी पानं चाळली. एका फोटोत तांदळाच्या पोत्यांवर जपानी अक्षरं छापलेली होती. तिथंच बसून ती सगळी उतरवून घेतली. अर्थ कळत नाही. उलटी तर नाही ना काढली? असू दे. भातशेतीतून का होईना, सुरुवात झाली. आता पुस्तक आणायला पुण्यालाच जाणार.

घरी येऊन बाबांना तसं सांगितलं. ते वैतागले. "पुण्याचे लोक तं आपल्या मराठीलेच हसतात. तू काऊन तिथं जाऊन राह्यली?"

"हसू द्या, बाबा. जपानीत ते बी माह्यासारखेच पहिलीत हायेत."