वेल्डिंग मारलेल्या जीपची वाटणी

मी, हरिदास सुकाजी निमगडे, वय एक्कावन्न, धर्म बौद्ध, धंदा पंचायत समितीत कारकुनी व साप्ताहिकात लोकांची टर उडवणे, राहणार सावली, लिहून ठेवतो की माझी मूत्रपिंडे कामातून गेली आहेत, डोके नाही. पाय सुजल्याने खाटेवरून उठवत नाही. हे लिहायला माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण मीच आणतो आहे आणि कोणी ऐकत नाही.

१. दोन खोल्यांचे घर, परसातल्या आंब्यासह, पत्नी वच्छला हिला. तिने माझी जीभ सोसली. त्या मानाने घर लहान आहे.

२. पोस्टातली शिल्लक मुलगी कमला हिच्या एकटीच्या नावे. जावई भाऊराव याने त्या पैशाला हात लावू नये.

३. पुस्तके विहाराला. लोक ती वाचतील अशी आशा नाही, पण कपाट भरलेले दिसेल.

४. आता जीप. ही मी नागभीडच्या एका बांबू ठेकेदाराकडून जुनी घेतली. गाडी नवरीसारखी आहे, असे तो म्हणाला होता. यंदा पोळ्याच्या सुमारास स्टेअरिंग थरथरू लागले. पाना शोधताना सीटखालच्या पेटीत कंपनीचे इंग्रजी पत्रक सापडले, पाकीट न फोडलेले, बारा वर्षांपूर्वीचे. ते रिकामे पाकीट मी त्या ठेकेदाराला देऊन जातो.

पत्रकात म्हटले आहे की या बनावटीच्या जीपमध्ये पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याला, ज्याला मिस्त्री टाय रॉड म्हणतात, डाव्या टोकाशी केसाएवढा तडा जातो. मग खड्ड्यात स्टेअरिंग थरथरते, गाडी एका अंगाला ओढते. दांडा बदलावा. तापवू नये, वेल्डिंग करू नये. बदलेपर्यंत माणसे बसवू नयेत. पुढचे मी सांगतो: दांडा तुटला की स्टेअरिंग हातात राहते आणि चाके आपल्या मर्जीने जातात.

नवा दांडा नागपुरातही मिळाला नाही. मागवला आहे, येईल तेव्हा येईल. तेवढ्यात भाऊरावने जुन्याला वेल्डिंग मारून आणले. मी पत्रक वाचून दाखवले तर म्हणाला, "मामाजी, कंपनीवाल्यानं आपलं वेल्डिंग कुठी पाह्यलं? चालून तं राह्यली ना."

५. परवा सोळा तारखेला चंद्रपूरच्या धम्मदीक्षेला तीस वर्षे पुरी होतात. तिथल्या दीक्षाभूमीवर जायला भाऊराव या जीपमध्ये वस्तीतली अठरा माणसे कोंबणार आहे. पुढे कमला, तिच्या मांडीवर माझी नात. वाटेत मूल गावाच्या पुढे जंगल आणि उतार. छप्पन साली आम्ही पायी गेलो होतो, सगळे परत आलो होतो.

पत्रकाचे मराठी करून मी वच्छलेकरवी विहाराच्या फळ्यावर लावले. लोक जमले आणि हसले. हरिदासभाऊनं या बखत जावयाले धरलं, असे वस्तीतल्या अंजनाबाई म्हणाल्या म्हणे. जन्मभर टर उडवली. एकदा खरे लिहिले तर तीही टर ठरली. किल्ली उशाखाली ठेवली, पण ती जीप चमच्याच्या दांडीनेही सुरू होते. चाकांतली हवा सोडवली, तर पोरांनी पंप आणला.

६. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते आणि जीप परवा निघते. म्हणून काल ती जिवंतपणीच विहाराच्या पंचकमिटीला बक्षीस दिली. अट एकच: एकमताने ठराव झाल्याखेरीज हलवू नये. या कमिटीचे विहाराच्या दाराच्या रंगावर आजवर एकमत झालेले नाही. यापेक्षा पक्के कुलूप जगात नसेल असा माझा समज होता.

चहा उकळायच्या आत ठराव झाला. जीप चंद्रपूरला न्यावी. एकमताने. अध्यक्ष रामाजी सांगायला आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "भाऊ, तुमी वस्तीले एक केलं."

७. आज कमलाला विनवले की तू तरी बसू नकोस. तिने विचारले, "बाबा, हे खरं आहे, का तुमचं लिहिणं आहे?" मी रडलो. रडणेही तिने तपासून पाहिले असावे. नवऱ्याला सोडून एस.टी.ने कशी जाऊ, म्हणाली आणि उठली.

तेव्हा मी कमिटीकडून दुसरा ठराव करवून घेतला: दात्याला पुढची जागा द्यावी. तोही एकमताने झाला. मला उचलून बसवतील. माझे सुजलेले पाय तिथे ठेवले की शेजारी कमला मावत नाही, नात तर नाहीच. त्या दोघी वच्छलेबरोबर एस.टी.ने उभ्याने येतील. मागे बसलेल्यांसाठी माझ्यापाशी फक्त तोंड आहे. मूल ओलांडल्यापासून गाडी चालवणाऱ्या भाऊरावला इतके बोलेन की बैलबंडीसुद्धा त्याच्या पुढे जाईल.

हा कागद परवा रात्री उघडावा लागला तर मृत्यूचे कारण मूत्रपिंडे असे लिहू नये.

साक्षीदार माझ्या पाठीमागे उरायला हवेत, म्हणून त्या जीपमध्ये न बसणारेच घ्यायचे ठरवले. वारस सोडून साऱ्या ओळखीपाळखीत दोघे सापडले.

(सही) हरिदास सुकाजी निमगडे

साक्षीदार:
१. सोनीबाई, शेजारीण. हिला गाडी लागते. (डाव्या अंगठ्याची निशाणी)
२. वारलू मडावी. याने फळ्यावरचे वाचून घेतले, आणि हसला नाही. (सही)

सावली, दि. १४ ऑक्टोबर १९८६