उजवा हात

धर्माबाद, शुक्रवार, संध्याकाळ

परवा नांदेडला नाचाची ऑडिशन आणि माझा उजवा हात पूर्ण उघडत नाही. दुखत नाही, गिरकी घेताना अर्ध्यात थांबतो. दोन वर्षं अप्पांच्या मिरचीच्या गोदामात सराव केला. उजवीकडं पोत्यांची थप्पी, म्हणून कोपर आखडायची सवय लागली. काल क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "हात कुणाला भिऊन राहिला गं?" रात्री जेवताना अप्पांना सांगून बसले. कशाला सांगितलं?

आज गोदामात गेले तर अख्खी थप्पी हलवलेली, फरशी झाडलेली. अप्पा दारात उभे. "घे की आता मोठी गिरकी."

घेतली. हात तिथंच थांबला.

अप्पांनी पाहिलं असेल का?