वीस गुंठ्यांतलं पाचट

७ जाने. २००७
जिंकलो! वाचनालयाच्या चर्चेत पहिला नंबर. विषय : पृथ्वी तापतेय, माणूस काही करू शकतो का? चिठ्ठीत मला ‘नाही’ आलं, सुजाताला ‘होय’. टेबलावर मूठ आपटून ओरडलो, "अमेरिका गाड्या उडवतीया, चीन कोळसा जाळतोय, आन् आम्ही हितनं काय फुंकर मारायची व्हय?" शिट्ट्याच शिट्ट्या. ती आकडे घेऊन शांतपणे बोलली. कुणी ऐकलं नाही. मी तरी कुठं, बघतच होतो.
खाली उतरल्यावर म्हणाली, "आवाज चांगला हाय तुझा." बास. चपला घालून गेली.

९ जाने.
स्टँडवर गाठलं. सु. एम.एस्सी.ला रोज कोल्हापूरला जाते. राग आला का म्हणून विचारलं.
"राग कशाचा? तुमचा ऊस तुटला की पाचट पेटवणारच न्हवं? त्यो धूर काय अमेरिकेचा?"
भडकलो. याच जिभेपायी सरांशी भांडून एस.वाय.ला कॉलेज सोडलं. तरी बोललोच, "वीस गुंठं हाय आमचं. एक काडी लावू देत न्हाय!"
हसली!! एस.टी.त चढेपर्यंत हसत होती.
आता वडलांना कोण सांगणार, आबांना...

१८ जाने.
टोळी ऊस तोडून गेली. रानात गुडघाभर वाळका पाला. आबा काडेपेटी घेऊन बांधावर, मी आडवा.
"सरक. जाळल्याबिगर बुडख्यांतनं खोडवा फुटतो व्हय?"
धूर, कार्बन, पाला कुजला की खत, सगळं एका दमात सांगितलं. आबांनी काडेपेटी खिशात टाकली.
"ऱ्हाऊ दे मग. पर खोडवा न्हाय फुटला, तर तू कबनूरला, मामाच्या यंत्रमागावर. परत गावात दिसायचं न्हाय."
कबनूर! म्हणजे स्टँड नाही, सकाळची एस.टी. नाही, सु. नाही. "कबूल!" म्हणालो. झकास वाटतंय.

२१ जाने.
दिवसभर पाचट सारखं पसरलं. अंगभर पाल्याची कूस, नुसती खाज. तालमीतला दीपक बांधावरनं, "लोकं प्रेमात कविता लिवत्यात, ह्यो गडी पाला पसरतोय!"

२४ जाने.
शेजारच्या तात्यांनी त्यांचं पाचट पेटवलं. आमच्यात रीत आहे, काडी लावायच्या आधी शेजाऱ्याला हाक मारायची, दोघांनी मिळून बांधालगतचा पट्टा झाडून घ्यायचा. तात्यांनी हाक मारलीवती. मी तोऱ्यात, "असल्या कामाला माझा हात लागणार न्हाय!"
पट्टा तसाच. दुपारी वारं फिरलं.
उसाच्या शेंड्यांचं ओलं वाडं घेऊन आमच्या रानात पहिले धावले ते तात्याच. तात्या, आबा, मी, तिघं आग बडवत होतो. निम्मं गेलं. दहा गुंठे काळे, दहा पिवळे. माझ्या भुवयाही जळाल्या.
तात्या एवढंच, "हाक मारलीवती की रं."

२५ जाने.
गावभर झालं. सु. बांधावर आली. वाटलं, आता हसणार. तर डोळे लखलख! "आरं, ह्यो तर प्रयोगच झाला! एकाच रानात जाळलेलं आन् न जाळलेलं!" भुवयांबद्दल अक्षर नाही.
मागं आबा उभे. "व्हय, पोरी? मग बघूच की."

९ फेब्रु.
काळ्यात कोंब. हिरवेगार. पिवळ्यात काही नाही.
आबांनी मामाला फोन लावला. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रु.
सु. एस.टी. चुकवून रानात! पाचटात कोपरापर्यंत हात घातला. "तूबी घाल." गार. ओलं. काळ्यात भेगा पडल्यात, इथं ओल तशीच. एक गांडूळ वर आलं, दोघांचे हात एकदमच तिकडं... असो.
"कोंब कधी?"
"मला काय म्हाईत? मी बी पहिल्यांदाच बघतेय."
तिलाही माहीत नाही! का कोण जाणे, लई बरं वाटलं. सगळं माहीत असलेल्यांशी मी नेहमी भांडतोच.

१६ फेब्रु.
मामा उद्या येतोय. संध्याकाळी आबा एकटेच रानात गेलते. आले, उंबऱ्यावर टेकले. मीच विचारलं.
"फुटलंय वाटतं एक. का दोन. पाल्यात नीट दिसत न्हाय."
"मग मामाला येऊ नको म्हणून सांगू?"
"येऊ दे की. जेवंल, रान बघंल."
मामा एकटा परत जाणार का मला घेऊन, विचारायचा धीर झाला नाही. पण आबांच्या हाताला कोपरापर्यंत माती होती.