पाहिलेले तेवढेच सांग

प्रिय मामा,

दोन गल्ल्या ओलांडल्या की तुझे घर, आणि तरीही मी पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा असावी. समोर आले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तू "बोल गं वाळवी, खाल्लंस का आजचं पुस्तक?" म्हणून हसतोस आणि सांगायचे ते राहूनच जाते. नात्याने मोठ्या माणसाला काही सुचवण्याचा अधिकार मला नाही, हेही मी जाणते.

आई म्हणाली, की पुढच्या रविवारी माझ्या बाप्तिस्म्याला तू येणार नाहीस. "मी काय करू तिथे? विश्वास आहे म्हणून खोटं बोलू?" असे तू तिला विचारलेस. मला राग आला नाही. दर रविवारी तू मामीला न्यायला येतोस, तेही चर्चच्या दारापर्यंतच. दाराजवळच्या टेबलावर प्रार्थनेच्या विनंत्यांची वही असते आणि अक्षर बरे म्हणून ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मामीची वाट पाहताना तू ती चाळतोस, हे मला फार उशिरा कळले. कोणाकडे पाणी चढत नाही, कोणाची मोरी तुंबली आहे. आम्ही रविवारी डोळे मिटून मागणी करायचो आणि सोमवारी तू पाना घेऊन त्या दारात हजर. लोक देवाचे आभार मानून मोकळे व्हायचे. एकदा तर एका ज्येष्ठ काकांनी तुला पायरीवर गाठून ऐकवले, की कृतींनी कोणाचे तारण होत नाही. तू म्हणालास, "खरंय काका. पण वर नळ गळायला लागला तर निरोप धाडा."

काका तत्त्वतः चुकले नव्हते. चर्चच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या माझ्या निबंधात मी अकरा पाने तेच सिद्ध केले होते: माणूस विश्वासाने तरतो आणि कृती हे त्या विश्वासाचे फळ. त्यातले एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. फक्त तो लिहिणाऱ्या मुलीला तोवर एकही फळ लागलेले नव्हते.

अंथरुणाला खिळलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंसाठी मी तीन आठवडे मोठ्याने प्रार्थना वाचली. त्यांचे घर आमच्यापासून चौथे. शेवटी त्यांची मोरी मोकळी करायला तू निघालास आणि विजेरी धरायला मला ओढून नेलेस. मोरी झाली, पण बाईंची चादर खराब झाली होती आणि संकोचाने त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले होते. तू बादली माझ्या हातात दिलीस. "मी बाहेर थांबतो. तू प्रार्थना कर, नाहीतर पाणी गरम कर. दोन्ही केलंस तरी चालेल." मी त्यांना पुसून काढले, बाहेर येऊन नालीत ओकले आणि पुन्हा आत गेले. तू पाहिलेस. तेव्हापासून दर मंगळवारी मी जाते; पाणी कोमट आहे म्हणून बाई रागावतात. पण त्या पहिल्या दिवशी, ओल्या फरशीवर चादर पिळताना, जन्मभर पाठ म्हटलेला देव त्या खोलीत आहे असे मला प्रथमच वाटले. हे मी आईलाही सांगितलेले नाही.

आता मुद्द्याचे. आमच्याकडे बाप्तिस्म्याआधी एका माणसाने मंडळीपुढे उभे राहून सांगायचे असते, की हिचा विश्वास मी हिच्या जगण्यात पाहिला. असा साक्षीदार नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलतात. सगळ्यांनी रविवारच्या शाळेतल्या शिक्षिकेचे नाव सुचवले. ती माझ्या पाठांतराचे कौतुक करील. मी चर्चच्या पाळकांकडे जाऊन, अडखळत का होईना, विचारले, की साक्षीदार स्वतः विश्वासणारा असावा लागतो का? चष्मा पुसत ते म्हणाले, "त्यानं खरं बोलावं, एवढं पुरे." म्हणून मी तुझे नाव दिले आहे, दुसरे कोणतेही दिलेले नाही. तुझ्या विश्वासाबद्दल तुला कोणी विचारणार नाही, माझ्याबद्दल विचारतील. मी ओकले तेही सांग. आणि माझ्यात विश्वासासारखे काहीच दिसले नसेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांग. मी बाप्तिस्म्यावाचून घरी परत येईन आणि मंगळवारी बाईंकडे जाईन. मात्र मला तुझी खात्री आहे आणि, आगाऊ म्हणालास तरी चालेल, माझीही.

तुझीच,
भाची

शनिवार, ९ मार्च २०२४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवले.