तुमच्या लेकीची दुसरी सीडी

सर, तुमच्या लेकीची दुसरी सीडी आली. तुम्ही म्हणाल, पहिली कमी पडली होती काय. पहिली कॅसेट होती, सर, ही सीडी आहे. मधल्या काळात तुम्ही गेलात, कॅसेट गेली आणि माझे केस गेले. यातलं कोणतं नुकसान मोठं, यावर काकूंचं आणि माझं एकमत आहे. सीडीच्या वेष्टनावर ती चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर उभी आहे. फोटोवाला तिला सांगत होता, मॅडम, जरा उदास बघा, पाण्याकडे बघा. ती म्हणाली, "ते मागच्या खेपेस झालं, भाऊ. आता मी वारा खाऊन राहिली." फोटोत ती तशीच आहे, केस तोंडावर आलेले, एक डोळा मिटलेला. सुंदर वगैरे काही नाही, पण भूक लागलेल्या माणसाचा चेहरा आहे, आणि तिच्या तोंडावर भूक शेवटची कधी दिसली होती ते तुम्हाला आठवत असेल.

मला अर्जुनीच्या तुमच्या घराची पडवी आठवते. आत काकूंची बुद्धवंदना संपली की बाहेर आमची शब्दरूपं सुरू व्हायची. तुम्ही एकदा म्हणायचं, आम्ही दोनदा. संथेची ही रीत तुम्हाला स्वतःला कोणी दिली नव्हती. तुमच्या आजोबांच्या काळी ती आपल्या वस्तीच्या कानावर पडू नये अशी चोख व्यवस्था होती. तुम्ही ती कॉलेजात पुस्तकातून उचललीत आणि घरी आणून आम्हा चार पोरांवर अशी चालवलीत, जणू पिढ्यान्‌पिढ्या घरात हेच चालत आलं आहे. तुम्ही 'वनं वने वनानि' म्हणता, आम्ही दोनदा म्हणतो, आणि स्वयंपाकघरातून, कढईत उलथनं वाजवत, ती तिसऱ्यांदा म्हणते. फक्त तिचं वन चालीत असतं. पहिल्या दिवशी तुम्ही पुस्तक मिटून आत बघत विचारलंत, "याले चाल कायले लागते?" ती म्हणाली, "बाबा, इतकी झाडं आहेत, एखादं पाखरू तं पाहिजे." आम्ही हसलो आणि त्या दिवशी नपुंसकलिंगाची सगळी रूपं उभ्यानं म्हटली. जगाशी शुद्ध मराठीत आणि ग्रंथांशी शुद्ध संस्कृतात बोलणारे तुम्ही घरच्यांवर रागावताना मात्र थेट झाडीबोलीत उतरायचात. मला तेव्हा वाटायचं की माया कमी असल्यामुळे असं होतं. आता मला स्वतःला दोन मुली आहेत, आता तसं वाटत नाही.

तिला गोंदियात दिली. दोन पावसाळे निभले आणि मग जावयांनी दुसरीकडे संसार मांडला. ती अर्जुनीला परत आली नाही. गाव विचारून विचारून मारेल, म्हणाली, आणि गोंदियातच खोली घेऊन राहिली. तिथल्या ऑर्केस्ट्रात गाऊ लागली, आणि वर्षाच्या आत तिची कॅसेट निघाली. आठ गाणी, आठही रडण्याची, काही मराठी, काही हिंदी. ती इतकी चालली, सर, की जिकडे तिकडे तेच. ऑटोत, पानठेल्यावर, बिड्या वळणाऱ्या बायांच्या अंगणात. तांदळाचे व्यापारी गल्ल्यावर बसून डोळे पुसायला लागले. आपलंही मन कधीतरी मोडलं होतं हा शोध सबंध गोंदिया शहराला एकदमच लागला.

कॅसेट घेऊन ती घरी आली तेव्हा मी पडवीतच होतो. तिनं ती तुमच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवली. तुम्ही हात लावला नाहीत. "घरचं रडणं गावाले काऊन ऐकवून राहिली तू?" असं तुम्ही विचारलंत. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. ती म्हणाली, "बाबा, मले आत्ता दुसरं काही येतच नाही." काकू चहा घेऊन आल्या तोवर ती फाटकाबाहेर गेली होती.

मग ती काळीपिवळी जीप. आपण दोघं गोंदियाहून परत येत होतो, तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि अर्जुनी बरीच लांब असताना त्यानं तीच कॅसेट लावली. अर्धं गाणं झालं नसेल. तुम्ही म्हणालात, "थांबव बापू." तो म्हणाला, "सरजी, अभी तो अर्जुनी आया नहीं. गाना तो सुनो, रुला देती है." त्याला बिचाऱ्याला काय माहीत, कोणाच्या बापाला सांगतो आहे ते. तुम्ही उतरलात, म्हणून मीही उतरलो. धान कापून झालेली बांधी दोन्ही बाजूंना, मध्ये रस्ता, पुढे तुम्ही, मागे मी. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "चाललं की पायांना बरं असतं." त्या रस्त्यावरचं आपलं सगळं संभाषण एवढंच. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यावर तिनं गाणं सोडलं. एका कॉन्व्हेंटमध्ये लहान पोरांना प्रार्थना शिकवायची नोकरी धरली, पण शिकवायची पेटी वाजवून आणि ओठ हलवून, आवाज पोरांचा. मला हे तिथल्या एका शिक्षिकेनं सांगितलं. मी विचारलं तर म्हणाली, "दादा, गळा ठीक आहे. पण तोंड उघडलं की वाटते, कोणीतरी उठून जाईल." मी संस्कृतचा माणूस. मला विरह या विषयावर शेकडो श्लोक पाठ आहेत आणि त्यातला एकही कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात उपयोगी पडत नाही. मी तिला समोसा खाऊ घातला.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी तिचा फोन. "दादा, मोकळा आहे काय? नवीन गाणी केली. उच्चार तपासाले ये." स्टुडिओ म्हणजे टीव्ही दुरुस्तीच्या दुकानामागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. शेजारी राइस मिल. त्यामुळे दुपारी मिलवाले जेवायला बसले, पट्टे थांबले की रेकॉर्डिंग, आणि जेवणं आटोपली की बंद. तेवढ्यात मालगाडी आली तर पुन्हा पहिल्यापासून. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो. मला वाटलं होतं, पुन्हा तेच रडणं असेल. पण ही गाणी वेगळीच, सर. सकाळपर्यंत सलग झोप लागल्याचं एक गाणं. सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव वाटेत ऐकू आलं आणि आपण भाजीचा भाव विचारत राहिलो, असं एक. आणि एक एकटीच्या स्वयंपाकाचं, त्याची पहिली ओळ अशी: 'भात एकटीचा, वाफ तेवढीच.'

ती ओळ तिनं माइकसमोर पहिल्यांदा म्हटली आणि मी, चाळिशी ओलांडलेला, दोन पोरींचा बाप, कनिष्ठ महाविद्यालयातला अधिव्याख्याता, स्टुलावर पाठ ताठ करून मोठ्यानं दोनदा म्हणालो, 'भात एकटीचा, वाफ तेवढीच. भात एकटीचा, वाफ तेवढीच.' कळलंसुद्धा नाही. रेकॉर्डिंगवाला काचेतून ओरडला, "अरे सरजी, आप क्यों बीच में? टेक गया पूरा!" मी कान धरले. पण ती हसली नाही. तिनं हेडफोन काढून मानेत अडकवले आणि मला विचारलं, "दादा, खरं सांग. बाबांनी पहिली कॅसेट ऐकली होती काय?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं आणि तुमच्यातर्फे द्यायला एक गोड उत्तरही माझ्याजवळ तयार होतं: दार लावून, आवाज बारीक करून, डोळे मिटून ऐकायचे, वगैरे. ते तोंडाशी आलं होतं. पण तुमच्या नावावर खोटं बोलायचं म्हणजे तुमच्यासमोर उभं राहून चुकीचं रूप म्हणण्यासारखं. मी म्हणालो, "नाही ऐकली. जीपमध्ये अर्धं गाणं लागलं आणि ते उतरले." मिलचे लोक जेवत होते, कोणीतरी डबा घासल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बरं झालं. आठही ऐकली असती तं नागपूरपर्यंत पायी गेले असते." आणि अगदी हळू, "ते ऐकण्यासारखं नव्हतंच त्यायच्यासाठी. लेकीचं होतं ना." मग काचेकडे वळून, "भैया, सरजीवाला रहने दो. एक बार मैं, दो बार ये. पूरा गाना ऐसाही करेंगे."

तर, सर, सीडीवर मी आहे. तुमच्या जागी ती एकदा म्हणते आणि पडवीतल्या सगळ्यांच्या वतीनं मी दोनदा. माझा आवाज कसा आहे हे तुम्हाला माहीत आहे. तो सुधारायला तिला वेळ नव्हता. पहिल्या कॅसेटइतकी ही चालली नाही. ऑटोवाल्यांनी दोन दिवस लावली आणि काढली. बरं झालेलं माणूस ऐकायला त्यांना फारसं आवडत नाही. ती म्हणते, नाही तं नाही. आता कॉन्व्हेंटच्या पोरांना मोठ्यानं गाऊन शिकवते, आणि मुख्याध्यापिकेनं हळू गा म्हणून दोनदा समज दिली आहे.

हे पत्र पाठवायचं नाही हे पेन उघडतानाच ठरलं होतं. पत्ता नाही ही अडचण फार मोठी नाही. आपला पोस्टमन पत्ता नसलेलीही पोचवतो. पण तुम्ही वाचताना उठून गेलात तर, एवढंच. शेवटची एक गोष्ट सांगून संपवतो. अखेरच्या गाण्यात, भाव विचारण्याच्या त्या कडव्यात, तिला मध्येच हसू फुटतं. रेकॉर्डिंगवाला ते कापणार होता, तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, म्हणून राहिलं. परवा अर्जुनीला जाऊन काकूंना सीडी ऐकवली. त्या तांदूळ निवडत होत्या. तिथं आल्यावर त्यांचा हात थांबला. "हे हासणं यांचं आहे," त्या म्हणाल्या, "लग्नानंतर असेच हासत." मी इतकी वर्षं तुमच्या पडवीत बसलो, सर, पण तुमचं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. आता रोज ऐकतो. घरी विचारलं की सांगतो, उच्चार तपासतो आहे.