गोळीविना कोलेस्टेरॉल

१८ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल १७८. डॉ. सिद्धेश्वरांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसाने गोळीचं गुलाम व्हायचं? नेटवर वाचलं की या गोळीने पाय दुखतात. वाचता वाचताच माझी डावी पोटरी दुखायला लागली. न घेता हा परिणाम, तर घेतल्यावर काय होईल!
डॉक्टरांकडून तीन महिने मागून घेतले. आहार, व्यायाम, निसर्ग. बायको सुमती म्हणाली, अण्णाबी असंच म्हणायचे. माझे थोरले भाऊ. एकसष्टाव्या वर्षी, जेवून हात धुता धुता गेले. मला यंदा एकसष्टावं लागलंय. पण अण्णा तंबाखू खायचे. विषय वेगळा आहे, असं तिला सांगितलं.

१९ नोव्हेंबर, सकाळ
चालण्याचा शुभारंभ. स्टेडियमला दोन फेऱ्या, मग कट्ट्यावर चर्चा. भगवानराव होता. मूळचा चिंताकीचा शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी बिदरला आला तो इथलाच झाला. दोन वर्षांपूर्वी हृदयात दोन स्टेंट बसले, तेव्हापासून रोज हीच गोळी खातो. मला कीव आली, तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, मास्तर, मला काय बी तरास होईना, मी कामून सोडू? बिचारा.

२६ नोव्हेंबर
ऑनलाइन मागवलेल्या जवसाच्या कॅप्सूल आल्या. सुमती म्हणाली, घरात डबाभर जवसाची चटणी हाय, ती ताटात बाजूला सारायलाव आणि हे विकत आणायलाव. चटणी वेगळी, सप्लिमेंट वेगळं. कळेल तिला हळूहळू.
सोबत लसणाच्या गोळ्या, मेथीची पूड, अर्जुनसालीचा काढा. हे सगळं घेऊन होईपर्यंत चालायची वेळ टळली. थंडीही फार आहे. अशा थंडीत बाहेर पडणं हृदयाला बरं नाही, असं कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवत नाही.

१० डिसेंबर
आजपासून तळलेलं बंद. पूर्ण बंद.
संध्याकाळी मिरची भजी. घरची होती, म्हणून धरली नाहीत.

३० डिसेंबर, येळवस
अमावस्येची शेतपूजा, मग भगवानरावाच्या चिंताकीच्या शेतावर जेवण. जाण्यापूर्वी शास्त्रीय विचार करून ठेवला होता. भज्जीच्या मिसळभाजीत तूर, वाल, हरभरा, वाटाणा आणि शिवारातला सगळा पाला, म्हणजे निव्वळ फायबर. बाजरीचे उकडलेले गोळे, उंडे, म्हणजे मिलेट. ताकातली आंबील म्हणजे प्रोबायोटिक. पूर्वजांनी येळवस काढली ती कोलेस्टेरॉलसाठीच.
प्रत्यक्षात भगवानरावाच्या मंडळींनी, चंद्रभागाबाईंनी, उंड्यावर लोण्याचा गोळा ठेवला. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत देवाला दाखवलेलं अन्न, परत कसं करणार? तेवढ्यात शेजारच्या शेतातून हाक आली, या की सर, दोन घास खावा. येळवसेला कुणाची हाक मोडता येत नाही. तिथे जेवतोय तोवर पलीकडच्या बांधावरून हाक. संध्याकाळपर्यंत जवळपास सगळं शिवार जेवलो. पण एका शेतातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक वेळी चालत गेलो. आजचा व्यायाम त्यात धरला.

३१ डिसेंबर
भज्जी दुसऱ्या दिवशी मुरते. भगवानरावाने डबा भरून दिला होता. संकल्प संक्रांतीपासून.

१६ जानेवारी
संक्रांत झाली. तिळात चांगली चरबी असते, म्हणून पोळीवरचं तूप मोजलं नाही. कुणाला न सांगता रक्त देऊन आलो. १८४. मशीनमध्ये दोष असणार. दुसऱ्या लॅबमध्ये दिलं. १८६.
दुपारी खुर्चीत नुसता बसून राहिलो. समोर अण्णांचा फोटो. फोटोत ते हसतायत. खरं लिहायचं तर भीती वाटली. सुमतीने विचारलं, काय झालं. ॲसिडिटी म्हणालो.

१८ जानेवारी
बसने मन्नाएखेळ्ळीला गेलो. बिदरचे निम्मे मेडिकलवाले माझे विद्यार्थी, इथे चिठ्ठी दाखवली की बातमी माझ्या आधी स्टेडियमवर. तिथे हायवेवर कोण ओळखतंय? काउंटरवरचा म्हणाला, सर, तुमी इकडं कसं काय? धम्मानंद, दहावी ब. एका नातेवाइकाची गोळी आहे, असं सांगितलं. चिठ्ठीवर माझंच नाव होतं. त्याने वाचलं आणि मुकाट्याने गोळ्या दिल्या. वर्गातही शांत असायचा.
घरी आल्यावर गोळ्या जवसाच्या बाटलीत भरल्या, कॅप्सूल दुसऱ्या डब्यात. इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो की गोळी औषध म्हणून घेत नाही. डाएटला टेका म्हणून घेतोय.

२ फेब्रुवारी
पोटरी अजिबात दुखत नाही. मेथीचा गुण.

१८ फेब्रुवारी
१०२! डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? मेथी, जवस, चालणं, असं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, जे काय चालू आहे ते सोडू नका. मेथीचा इतका आदर करणारा ॲलोपॅथीचा डॉक्टर विरळा.
स्टेडियमच्या कट्ट्यावर रिपोर्ट वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. भगवानरावाने दोनदा विचारलं, मास्तर, गोळी येक बी न्हाई? एकही नाही, म्हणालो. निवृत्त शिक्षक संघाने तिथल्या तिथे माझं व्याख्यान ठरवलं. विषय: ‘गोळीविना कोलेस्टेरॉल’. तारीख २ मार्च. शाल घेऊन ठेवावी का? नको, तेच घालतील.

२३ फेब्रुवारी
भाषण लिहीत होतो. चंद्रभागाबाई आल्या. सुमतीला म्हणाल्या, वैनी, आमच्या ह्यांनी गोळी सोडली बघा. डॉक्टरचं ऐकत न्हाईत, लेकरांचं न्हाई, पण सरांचं ऐकायलेत. सर काय खोटं सांगतील व्हय?
पेन हातातच राहिलं. दोन स्टेंटवाला माणूस. म्हणालो, त्याने सोडू नये. त्या म्हणाल्या, तुमी सोडलाव की. सुमती माझ्याकडे बघत होती.

२४ फेब्रुवारी
भगवानरावाच्या घरी गेलो. तुझी केस वेगळी, माझी वेगळी, असं तासभर समजावलं. तो म्हणाला, तुमचं काळीज सोन्याचं आन माझं मातीचं व्हय? मला बी तुमच्या बाटलीतलं द्या की जरा.
आणि एकदम सुचलं. माझ्या बाटलीतलीच द्यायची! जवस म्हणून खाईल, पोटात गोळी जाईल. त्याचा जीव शाबूत, माझी इज्जत शाबूत, व्याख्यानही शाबूत. डोकं अजून चालतंय.

२५ फेब्रुवारी
स्टेडियमवर सगळ्यांदेखत बाटली दिली. भगवानरावाने तळहातावर एक ओतली. उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाला, मास्तर, ही तर माझीच गोळी. दोन वर्षं रोज खायलोय, मला वळखू येईना व्हय?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. जवस कधी कधी गोळीसारखं दिसतं, असं काहीतरी बोललो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भगवानराव म्हणाला, मी जिवावर उदार झालतो की हो. बाटली कट्ट्यावर ठेवून गेला.

२७ फेब्रुवारी
भगवानरावाला ओढत डॉ. सिद्धेश्वरांकडे नेलं. ईसीजी काढेपर्यंत मी दाराशीच उभा होतो. ईसीजी ठीक. गोळी आजपासून परत सुरू. डॉक्टर त्याच्यावर भडकले, कुणी सांगितलं बंद करायला? तो म्हणाला, कुणी न्हाई साहेब, माझंच डोस्कं फिरलं.
माझं नावसुद्धा घेतलं नाही. मला ते सोसेना. मी सांगितलं होतं, म्हणालो, आणि मी स्वतः गोळी खातो. डॉक्टरांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, ते मला रिपोर्टवरूनच कळलं होतं. पाय दुखतात का? नाही, म्हणालो. घरी येऊन सुमतीलाही सांगितलं. ती बराच वेळ रडली, मग ताट वाढलं.

२ मार्च
व्याख्यान झालं. हॉल भरला होता. वक्ते बदलले होते. गोळी का सोडू नये यावर भगवानराव बोलला, आणि चांगला बोलला. शाल त्याला घातली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, मध्ये मध्ये उभं करून दाखवायला.